कडेने, स्वल्प हळू

"बर्री, बर्री, पद्दक्का," म्हणत वेंकण्णा स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून बाहेर आला आणि माझी बायको हसली.

शनिवार होता, संध्याकाळचे सात वाजले होते आणि मी तिच्यासमोरच बसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची वीस मिनिटं कोणाला ते जाणवलं असतं असं नाही. वेंकण्णाने खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले, आमच्या टेबलाच्या कडेला बोटं टेकली आणि दोघांचं कानडी सुरू झालं. मी मेनूकार्ड उचललं. साताऱ्याच्या 'हॉटेल शरावती'चं मेनूकार्ड मला तोवर पाठ झालं होतं. त्यात 'पनीर' अकरा वेळा होतं आणि त्यातलं तीन वेळा 'पणीर' होतं.

याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि कॉलेजात मराठी शिकवत होतो. वेंकण्णा शरावतीचा मुख्य आचारी. पन्नाशीचा, ठेंगणा, कानांवर केस, आणि दारातून त्याच्याआधी त्याचं पोट बाहेर यायचं. जळावं असं त्याच्यात काहीच नव्हतं आणि माझी अडचण तीच होती. देखणा असता तर मी स्वतःची समजूत घातली असती.

माझ्या बायकोचं माहेर जमखंडीचं. घरी कानडी बोलणारे देशस्थ. नाव पद्मावती. लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीने 'मृण्मयी' असं लिहिलं. मी नुकताच एम. ए. झालो होतो आणि ते कोणाच्या तरी अंगावर निघणारच होतं. माझ्या आईला मृण्मयी म्हणता येईना, म्हणून घरात तिचं मृणू झालं. बावीस वर्षं ती मृणू होती. आणि हा गृहस्थ तिसऱ्या भेटीत तिला माहेरच्या नावाने पद्दक्का म्हणायला लागला होता.

मग सूप आलं. शरावतीचं व्हेजिटेबल सूप. पांढुरकं, ना दाट ना पातळ, त्यात फरसबी, गाजर, कोबी असं सगळं बारीक चिरलेलं आणि वर मिरपूड. तिने पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कर्तबगारीवर तिने डोळे मिटलेले मला आठवत नव्हते. डोळेझाक केली होती, ती वेगळी.

"कसं आहे?" मी विचारलं.

"छान," ती मला म्हणाली. मग वेंकण्णाकडे वळून चार वाक्यं बोलली. मला एक शब्द मिळाला आणि त्याला चार वाक्यं.

मला कानडी येत नाही. पण मी भाषेचा माणूस, त्यामुळे कान देऊन बसलो होतो. एक शब्द सारखा येत होता. मने. तो म्हणायचा 'निम्म मने', ती म्हणायची 'नम्म मने'. मग ती जरा गप्प व्हायची, पदराने डोळ्यांची कड टिपायची आणि पुन्हा हसायची. मन, अनेकवचन मने. भाजीच्या सूपवरून दोन माणसं इतक्या लवकर मनांवर आलेली मी पाहिली नव्हती.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही. असंच."

"वीस मिनिटं असंच?"

"तुम्हाला कंटाळा आला का?"

"छे. वाचत होतो मी."

यावर ती मागे बसून हसली की काय, ते वाऱ्यामुळे कळलं नाही.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्या गुरुवारी कॉलेजातले एक सहकारी चहा पाजायला मला शरावतीत घेऊन गेले. तिथल्या जुन्या वेटरने, सखारामपंतांनी, चहाबरोबर एक स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"वहिनींचा राहिला इथं मंगळवारी," ते म्हणाले. "तुम्हीच न्या आता."

डब्यावर 'प्रा. अ. द. रहाळकर' असं कोरलेलं होतं, त्यामुळे ओळख पटवायचा प्रश्न नव्हता. माझी बायको जिल्हा परिषदेत शिक्षण विभागात नोकरीला होती, आणि मंगळवारी तिची मीटिंग असायची. गेले चार महिने असायची. साडेसातपर्यंत चालायची. शिक्षणाची एवढी चिंता करणारी जिल्हा परिषद म्हणून मी चारचौघांत तिचं कौतुकही केलं होतं.

"अरे वा," सहकारी म्हणाले, "वहिनी एकट्यापण येतात का इथं?"

"येते कधीमधी," मी म्हणालो. "सूप आवडतं तिला इथलं."

घरी आल्यावर मी तो डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला. ती आली, तिने पाहिला, उचलून फळीवर ठेवला. ती काही बोलली नाही, मी काही बोललो नाही. आमच्याकडे भांडण करायची पद्धत अशी आहे.

रात्रभर विचार करून मी निष्कर्षाला आलो की या सगळ्याचं मूळ सूप आहे. ते घरी झालं की तिथे जायला कारण उरत नाही. माणसावर इलाज नसला तरी भाजीवर असतो. आचार्‍याला मारहाण करणं मला शोभणारं नव्हतं, शिवाय तो माझ्यापेक्षा जाड होता.

रविवारी सकाळी मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं आणि भाज्या चिरल्या. दीड तास लागला. मग त्या पाण्यात उकडल्या, मीठ घातलं, मिरपूड घातली. तिने दोन चमचे घेतले.

"बरं झालंय," ती म्हणाली. "उरलं तर आमटीत घालते."

सगळंच उरलं होतं.

बुधवारी मी कॉर्नफ्लॉवर आणलं. किती घालायचं ते पुडीवर इंग्रजीत लिहिलं होतं आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. सूप दाट झालं. पांढरंही झालं. चमचा त्यात उभा राहत होता, आणि मला क्षणभर त्याचा अभिमान वाटला.

तिने वाटी थोडी वाकडी करून पाहिली. आतलं हललं नाही.

"दोन साड्यांच्या खळीला पुरेल," ती म्हणाली.

"शरावतीचं असंच असतं."

"तिथलं पितात."

"त्यात काय घालतो तो? तुला माहीत असेल."

"मी कधी विचारलं नाही."

"एवढं बोलता, आणि हे विचारलं नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सूपबद्दल नाही बोलत आम्ही," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आत गेली.

हे वाक्य ज्या नवऱ्याने पचवलं असेल त्याला माझा नमस्कार.

शुक्रवारी दुपारी, हॉटेलात गिऱ्हाईक नसतं अशा वेळी, मी शरावतीच्या मागच्या दाराशी गेलो. वेंकण्णा उलट्या डब्यावर बसून फरसबीच्या शिरा काढत होता. मला बघून उठला.

"सर, तुम्ही? अक्का बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत. वेंकण्णा, मला ते सूप शिकायचंय."

"कशाला सर? अक्का येत्यात की हितं."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही, किंवा कळलं. त्याने मला दुसरा डबा उलटा करून दिला. मी खिशातून पेन आणि कॉलेजच्या हजेरीचा पाठकोरा कागद काढला.

"काय न्हाई त्यात," तो म्हणाला. "फरसबी बारीक. गाजर बारीक. कोबी. लोणी टाकायचं, जरा परतायचं. पाणी. मिरी. मीठ."

"एवढं मीही करतो."

"मग?"

"तसं होत नाही."

वेंकण्णाने फरसबी बाजूला ठेवली. आवाज जरा खाली आणला. आपल्या धंद्यातलं एखादं गुपित प्रतिस्पर्ध्याला सांगताना आणावा तसा, असं तेव्हा मला वाटलं.

"कडेगे, सर," तो म्हणाला. "कडेगे स्वल्प हालु." आणि त्याने हवेत हात गोल फिरवला.

मी लिहून घेतलं. कडेने, स्वल्प हळू. त्याचे उच्चार थोडे वेगळे होते, पण सीमाभागातला माणूस, एवढी सूट द्यायलाच हवी. ढवळायचं ते मधून नाही, कडेने. आणि जरा सावकाश. मला त्या शब्दाचं विशेष वाटलं. एक आचारी सहज 'स्वल्प' म्हणतो. आमच्या विभागप्रमुखांना हा शब्द स्वल्पविरामाच्या पुढे कधी नेता आला नव्हता.

"स्वल्प म्हणजे किती?" मी विचारलं.

"स्वल्प म्हंजे स्वल्प. जास्ती नको."

"फार हळू नको."

"न्हाई न्हाई. जास्ती हालु, मग खीर."

मी तेही लिहिलं. फार हळू शिजवल्यास भाज्यांची खीर होते. अतिशय मुद्देसूद माणूस. उठताना मला त्याच्याबद्दल किंचित आदर वाटला, आणि त्यामुळे आधीपेक्षा जास्त राग आला.

शनिवारी मी तीन वाजता गॅस लावला. ज्योत इतकी बारीक केली की ती आहे का ते वाकून बघावं लागत होतं. आणि कडेने ढवळत राहिलो. उजवा हात दुखला की डावा. पाच वाजता भाज्यांचे रंग जायला लागले. सहा वाजता कोबी कुठला ते ओळखू येईना. खीर होत असल्याची शंका मला आली होती, पण 'स्वल्प'ची मर्यादा नेमकी कुठे संपते हे वेंकण्णाने सांगितलं नव्हतं.

साडेसहाला ती तयार होऊन बाहेर आली. निळी साडी, खांद्याला पर्स.

"निघायचं ना?"

"आज घरीच."

"घरीच काय?"

"सूप."

तिने पर्स खांद्यावरून काढली नाही. तशीच खुर्चीवर बसली, एसटीच्या फलाटावर बसावं तशी. मी वाटी भरून समोर ठेवली. तिने चमचा बुडवला, वर आणला, निरखला.

"भाज्या कुठायत?"

"आहेत. विरल्या."

तिने घोट घेतला. डोळे उघडेच होते. मला वाटतं नेहमीपेक्षा जास्तच उघडे.

"किती वेळ शिजवलंत हे?"

"साडेतीन तास."

"साडेतीन तास?"

"तशीच कृती आहे त्याची. मी वेंकण्णाला जाऊन विचारलं."

आता तिने पर्स खाली ठेवली. "तुम्ही गेला होतात? वेंकण्णाकडे? काय म्हणाला?"

मी हजेरीचा कागद काढला आणि वर्गात वाचतो तसं वाचून दाखवलं. "कडेने, स्वल्प हळू."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याचं वाक्य सांगा. तो जसं म्हणाला तसं."

"कडेगे स्वल्प हालु. थोडा गावंढळ उच्चार आहे, पण..."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. मग तिने टेबलावर कपाळ टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडते आहे. ती हसत होती. शरावतीत हसायची तसं, पोटातून, आवाज करत. ते हसू आमच्या डायनिंग टेबलावर मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते मीच आणलं होतं, त्यामुळे अर्धा मिनिट मी खूश होतो.

"कडेगे म्हणजे शेवटी," ती डोळे पुसत म्हणाली. "हालु म्हणजे दूध. शेवटी थोडं दूध घालायचं. एवढंच सांगितलं त्याने तुम्हाला. साडेतीन तास ढवळत होतात तुम्ही?"

"हात फिरवून दाखवला त्याने."

"ओतून दाखवलं असेल." तिला पुन्हा हसू आलं. "आणि शिकवता की तुम्ही ते. मराठीवरचा कानडीचा प्रभाव. दहा मार्कांचा प्रश्न असतो ना?"

असतो. तूप हा शब्द कानडीतून आला हे मी वीस वर्षं मुलांना सांगत होतो. दुधाची चौकशी केली नव्हती.

माणूस हरला की त्याने गप्प बसावं. मी म्हणालो, "घरात कोणी बोललं असतं तर मलाही कळलं असतं. घरात आम्हाला 'छान' एवढंच मिळतं. बाकीचं मंगळवारी बाहेर होतं."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर खुर्च्या राहतात तसं.

"विचारा ना मग," ती म्हणाली. "डबा पालथा घालण्यापेक्षा."

"काय बोलता तुम्ही?"

"घराबद्दल."

"कोणाच्या?"

"आमच्या. जमखंडीच्या. दादाने विकलं ते. परसात काय काय होतं, माडीवर कुठून जायचं. त्याचंही मुधोळचं घर तसंच होतं. तेही नाही आता."

"पण सारखं मने, मने..."

"मने म्हणजे घरच हो."

मी वाटीतलं सूप ढवळलं. कडेने.

"आई जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "दादा-वहिनी पुण्याला, तेही आता मराठीच बोलतात. सहा वर्षं मी कोणाशी कानडी बोललेच नव्हते. मग एक दिवस हा माणूस आतून कोणावर तरी कानडीत ओरडला आणि मला तिथून उठवेना. सूप काय, त्या दिवशी मागवलं होतं म्हणून."

"मग मीटिंग कशाला सांगायची? मी नको म्हटलं असतं का? कानडी बोलू नको असं मी कधी म्हटलंय तुला?"

"एकदाच."

"कधी?"

"निरंजन दीड वर्षाचा होता," ती म्हणाली. निरंजन आमचा मुलगा, तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. "दूध हवं असलं की हालु, हालु करत मागे फिरायचा. तुमचे कॉलेजातले लोक आले होते चहाला. तुम्ही म्हणालात, हा सारखा हळू, हळू काय म्हणतोय. मी सांगितलं, दूध मागतोय. तेव्हा तुम्ही म्हणालात, मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा दुधाला दूधच म्हणेल. रागावून नाही म्हणालात. हसत म्हणालात. सगळे हसले. मीही हसले."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही कानडी. तो महिनाभर हालु म्हणत होता. मी देत नव्हते, दूध म्हटलं की द्यायची. मग विसरला."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. चहा नाही, माणसं नाहीत, मुलगा मागे फिरतोय हेही नाही. आठवत नाही असं मी म्हणालो नाही. ते तिला दिसतच होतं.

वाटी बाजूला सारून मी म्हणालो, "मला शिकव."

"सूप?"

"कानडी."

तिने विचार केला. खरंच केला, उगाच नाही म्हणायचं म्हणून नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही शिकाल हो. चांगलं शिकाल. आणि सहा महिन्यांत मला दुरुस्त करायला लागाल."

"नाही करणार."

"कराल. वेंकण्णालाही कराल."

मला नाही म्हणता आलं नाही. ती रडवेल्या आवाजात निरंजनचं सांगत होती तेव्हाच माझ्या मनात एकीकडे येऊन गेलं होतं की 'स्वल्प' कानडीत संस्कृतातून थेट गेला की मध्ये प्राकृत आहे.

"तिथं मी चुकीचं बोलले तरी कोणी बघत नाही," ती म्हणाली. "तेवढं राहू द्या माझं." मग उठली, पातेल्यात डोकावली. "याचं आता काही होणार नाही. दूध घातलं तरी नाही. पिठलं टाकू?"

पिठलं-भात खाल्ला. पिठलं चांगलं झालं होतं. मी तसं म्हणालो, आणि बरोबर तीन वाक्यांत म्हणालो. तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "पुरे."

मंगळवारी सकाळी कामावर निघताना ती दारातच थांबली. "आज वेंकण्णाकडे जाऊन येईन," ती म्हणाली. "साडेसात होतील." मीटिंगचं नाव काढलं नाही. मी बरं म्हणालो. दिवसभर मला त्याचंच वाईट वाटत होतं. खोटं बोलत होती तेव्हा निदान त्यासाठी तिला माझा विचार तरी करावा लागत होता.

संध्याकाळी मी खिडकीशी पेपर तपासत बसलो. सात पंचवीसला ती कोपऱ्यावरून वळली. रिकामा डबा हातात, चाल नेहमीपेक्षा सैल. कोणाशी तरी झालेलं बोलणं संपलेलं नसावं अशी ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत येत होती. फाटकाशी आल्यावर थांबली, काहीतरी आठवलं असणार, आणि एकटीच हसली. रस्त्यावर कोणी नव्हतं, त्यामुळे अगदी मोकळी हसली.

मग तिने फाटक लावलं, चपला काढल्या, दार उघडलं. तेवढ्या दहा पावलांत त्या हसण्याचं व्यवस्थित मराठी झालं होतं.

"कुकर लावलात का?" तिने विचारलं.